नवव्या होलवरचं पोतं

माझा नवरा गोल्फ खेळायचा, असं मी सांगितलं की जळगावात माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्या पायातल्या चपलांकडे. गोल्फवाल्याची बायको अशी कशी, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो. पूर्वी मी हौसेने समजावून सांगायचे. पुढे कंटाळा आला आणि सांगायचं सोडलं. पण गेल्या महिन्यात एका मांडवात माइकवरून आमच्या स्पर्धेचा इतिहास सांगितला गेला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातली तिडीक जात नाही. स्वयंपाक करताना मी भांडी आपटते असं सून म्हणते. आपटते तर आपटते. तो इतिहास खोटा होता, आणि खरा सांगायला दुसरं कुणी पुढे येणार नाही, म्हणून मी सांगते.

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती संपली की एक माळ लागायचा. कुठल्यातरी जुन्या साहेब लोकांनी तिथे गोल्फचे नऊ होल पाडले होते. साहेब गेले, होल राहिले. मग गावातले जिनिंगवाले, डॉक्टर, वकील एकत्र आले आणि त्यांनी क्लब काढला. पत्र्याचं छप्पर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. ह्या खुर्च्यांवर सभासद बसायचे. माझा नवरा त्या खुर्च्यांवर कधीही बसला नाही, कारण तो सभासद नव्हता, व्यावसायिक होता.

व्यावसायिक म्हटलं की लोकांना टीव्हीवरचे पांढरी टोपी घातलेले खेळाडू आठवतात. आमच्याकडे व्यावसायिक म्हणजे जो सभासदांच्या बॅगा वाहता वाहता त्यांच्यापेक्षा चांगला खेळायला लागला आणि मग पगार घेऊन त्यांनाच शिकवायला लागला, तो. खेळणारा हा, शिकवणारा हा, मैदान सांभाळणारा हा, आणि चहा मात्र ह्याने बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली प्यायचा. व्हरांड्याच्या पायरीला त्याचा पाय लागायचा नाही. मला ह्या गोष्टीचा लग्नाच्या पहिल्या वर्षापासून राग आहे. हे म्हणायचे, "अगं, झाडाखाली वारा चांगला येतो." वारा येतो हे खरंच, पण म्हणून काय झालं.

अशी मैदानं तेव्हा खानदेशात आणखी होती. धुळ्यात होतं, चाळीसगावला रेल्वेच्या बाजूला होतं, फैजपूरकडे केळीच्या बागांना लागून एक होतं. प्रत्येक ठिकाणी असे चार-पाच व्यावसायिक. त्यांच्यातच कुणीतरी टूम काढली की सभासदांच्या स्पर्धा होतात, तर आपलीही होऊ दे, आणि एकेकट्याची नको, गावागावांची होऊ दे. एका गावाचे चार खेळाडू. एकाने दुसऱ्या गावाच्या एकाशी खेळायचं, जिंकलेले सामने मोजायचे, ज्या गावाचे जास्त त्या गावाला कप. सभासदांनी कप दिला, पाठीवर थाप दिली, आणि ते व्हरांड्यात बसून बघायला लागले. अशी ती स्पर्धा सुरू झाली आणि बरीच वर्षं चालली. व्यावसायिकांची, संघांची, आणि खानदेशची. अशी दुसरी मी तरी कुठे ऐकली नाही.

स्पर्धा हिवाळ्यात व्हायची. मार्गशीर्षात वांगी चांगली येतात आणि वांगी आली की भरीत आलं. शेवटच्या सामन्यानंतर लिंबाखाली तुरीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घरून बांधून आणलेल्या असायच्या, आणि हरलेला संघ जिंकलेल्यांना वाढायचा. भरताचा वास व्हरांड्यापर्यंत गेला की एकेक सभासद हळूच खाली उतरायचा. तेव्हा मात्र त्यांना पायरीची अडचण वाटायची नाही.

आता मैदानाचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. गोल्फमध्ये होलभोवती मऊ गवताची जागा असते, तिला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे ग्रीन नव्हतं, ब्राऊन होतं. पाणी कुठे होतं गवताला? माळावर जे उगवायचं ते पावसाळ्यात, आणि तेही शेळ्यांच्या पोटात जायचं. म्हणून होलभोवती अंगणाएवढी गोल जागा करायची, तिच्यात चाळलेली वाळू पसरायची आणि तिच्यावर गाड्यांचं काढून टाकलेलं काळं तेल शिंपडायचं. तेलाने वाळू बसते, उडत नाही, आणि चेंडू तिच्यावरून सरळ जातो. फक्त पावलं उमटतात. म्हणून होलमध्ये चेंडू ढकलायच्या आधी खेळाडूने एक पोतं ओढायचं आणि आपल्या चेंडूपासून होलपर्यंतची वाट सारखी करून घ्यायची. जेवायला बसण्याआधी जागा पुसून घ्यावी, तसं. ह्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. उलट जो पोतं न ओढता चेंडू मारायचा त्याला आळशी म्हणायचे.

ती पोती मी शिवायचे. मी मुलींना शिवण शिकवायचे, त्यामुळे घरात मशीन होतं आणि मोठी सुई होती. दोन बारदानं एकात एक घालायची, मध्ये थोडी वाळू भरायची म्हणजे पोतं नीट टेकतं, तोंड शिवून टाकायचं आणि ओढायला दोर लावायचा. बारदान मशीनवर चालत नाही, हातानेच शिवावं लागतं. प्रत्येक होलच्या कडेला माझं एक पोतं पडलेलं असायचं.

दुसरा एक रिवाज होता. चेंडू होलच्या अगदी जवळ आला, की समोरचा खेळाडू म्हणायचा, "दिना." म्हणजे दिला. तू काही चुकणार नाहीस, मारायची गरज नाही, उचल. हे काही खानदेशचं नाही, जगात सगळीकडे चालतं म्हणे, पण "दिना" म्हणण्याची पद्धत आमची होती. दिना म्हटलं की संपलं. मग समोरच्याने चेंडू उचलायचा आणि खिशात टाकायचा.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. त्यामुळे जळगाव-धुळे सामना लागला की माझी पंचाईत व्हायची. धुळ्याच्या संघात आमच्या माहेरच्या गल्लीतलेच एक होते. मी त्यांना नाना म्हणते. उंच, काळेसावळे, मिशीवर हात फिरवत बोलणारे. ह्यांच्याशी खेळताना ते मुद्दाम चेंडू जरा लांब असला तरी "दिना" म्हणून टाकायचे. त्यांच्या संघातले ओरडायचे, तेव्हा नाना म्हणायचे, "जवाईले नई देवानं त मंग कोनले देवानं?" धुळ्याची मुलगी दिली, आता चेंडूसाठी काय अडायचं, असा त्यांचा हिशेब. हे लाजायचे आणि पुढच्या दोन होलांवर नानांना तसेच चेंडू परत द्यायचे. तरी दोघांनाही जिंकायचं असायचं. मी बघितलंय, मिशीवरचा हात थांबला की नाना खरे खेळायला लागले असं समजायचं.

मग क्लबला नवीन सेक्रेटरी आला. माणूस शिकलेला, बाहेर फिरलेला, मोठमोठ्या शहरांतली मैदानं बघून आलेला. त्याला आमच्या तेलाच्या वाळूची लाज वाटायला लागली. "लोक हसतात," म्हणायचा. कोण हसत होतं, ते त्याने कधी सांगितलं नाही. त्याने ठरवलं की स्पर्धा मोठी करायची, बाहेरचे पाहुणे बोलवायचे, जाहिरातवाले आणायचे, आणि निदान नववा होल, जो व्हरांड्यासमोर येतो, तो तरी गवताचा करायचा. म्हणजे फोटोत हिरवं दिसेल.

बोअर मारली. पाणी लागलं नाही. दुसरी मारली, तिला लागलं आणि संक्रांतीपर्यंत आटून गेलं. मग टँकर यायला लागला. शेजारच्या वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन रस्त्याच्या कडेने चालायच्या आणि टँकर त्यांच्यासमोरून गवताला जायचा. सेक्रेटरीला त्याची लाज वाटत नव्हती, वाळूची वाटत होती. आणि वर स्पर्धा हिवाळ्यातून काढून चैत्रात नेली, का तर मार्चनंतर पाहुणे मोकळे असतात. जळगावात चैत्रात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. भरीतही गेलं. वांग्यांना त्या दिवसांत चव नसते, आणि सेक्रेटरीला धूरही नको होता.

गवत जगेना. तेव्हा ह्यांनाच एक युक्ती सुचली. पोती भिजवून गवतावर अंथरून ठेवायची, म्हणजे ऊन लागत नाही. म्हणून माझी पोती नवव्या होलवर आली. रात्रभर गवतावर ओली पडायची, सामन्याच्या सकाळी उचलून कडेला रचून ठेवायची. हे नीट ध्यानात घ्या. आठ होल वाळूचे, तिथे पोतं ओढायचं. नववा गवताचा, तिथे ओढायचं नाही, कारण गवतावर आपल्या चेंडूच्या वाटेला असा हात लावला की नियमाने तो होल गेला. आणि त्याच नवव्याच्या कडेला पोती रचलेली. चूक कुठे होणार होती हे मला, शिवणाऱ्या बाईला, आज कळतं. तेव्हा कुणालाच कळलं नाही, आणि ज्याने हे सगळं घडवून आणलं त्याला तर मुळीच नाही.

शेवटचा सामना जळगाव आणि धुळ्याचाच लागला. बाकीचे सामने बरोबरीत सुटले आणि कप ह्यांच्या आणि नानांच्या सामन्यावर आला. दोघं आठ होलांनंतर बरोबरीत. मी लिंबाखाली पदर डोक्यावर घेऊन उभी होते. उन्हाने डोळे मिटत होते. व्हरांड्यात पाहुणे, पंख्याखाली, थंड सरबत घेऊन. बाहेरून आणलेला पंच नवव्या होलशी उभा होता, पण तोही अर्धा वेळ पाहुण्यांबरोबर फोटो काढत होता.

नानांचा चेंडू आधी गवतावर आला. त्यांनी खाली वाकून कडेचं पोतं उचललं, ओढलं, वाट केली, आणि चेंडू मारला. गेला नाही. पुन्हा मारला, गेला. पाच फटके झाले. कुणीच काही बोललं नाही, कारण कुणाला काही वेगळं दिसलंच नाही. आठ होल जे झालं तेच नवव्यावर झालं. पंचाची पाठ होती.

ह्यांचे तीन झाले होते आणि चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला होता. हा गेला की चार, म्हणजे फटके कमी, होल आपला, सामना आपला, कप जळगावचा. ह्यांनी नानांच्या हातून पोतं घेतलं. सवयीने घेतलं. सवयीने ओढलं. तेवढ्यात नाना म्हणाले, "दिना." सवयीने. आणि ह्यांनी चेंडू उचलायला हात खाली नेला, तोच इकडे वळलेला पंच ओरडला, थांबा.

पंचाने नियम सांगितला. गवतावर वाट पुसली, होल गेला, सामना धुळ्याचा. ह्यांनी हातातल्या पोत्याकडे बघितलं. मला तो चेहरा अजून दिसतो. चोरी पकडल्यावर माणसाचं तोंड उतरतं तसा तो नव्हता. रोज ज्या वाटेने घरी जातो तिथे अचानक भिंत लागावी, तसा होता. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. चुकलं माझं. होल गेला." आणि त्यांनी नानांपुढे हात केला.

इथे सगळं संपायला हवं होतं. नियम नियमाच्या जागी बरोबर होता, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. हरलो असतो, घरी येऊन पिठलं-भाकरी खाल्ली असती, पुढच्या वर्षी पुन्हा खेळलो असतो. पण नानांनी हात मिळवला नाही. मिशीवरचा हात थांबलेला होता. ते पंचाला म्हणाले, "साहेब, त्यानी जे करं तेच मी बी करं. त्याना आधी करं. तुम्हले दिसनं नई."

पंच म्हणाला, मी जे पाहिलं नाही त्याचा निर्णय देणार नाही. नाना म्हणाले, मी सांगतोय ना. पंच म्हणाला, विषय संपला. मग नाना व्हरांड्याकडे गेले आणि पायरीवर पाय ठेवून, हो, त्या पायरीवर, सेक्रेटरीला म्हणाले, "हाऊ कप आम्हले नको." धुळ्याचे बाकीचे तिघंही त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. कपाचं टेबल सजवलेलं, फोटोवाला तयार, पाहुणे उठून उभे, आणि कप घ्यायला कुणीच नाही.

सेक्रेटरीचं तोंड लाल झालं. पाहुण्यांसमोर त्याची शोभा झाली होती, आणि ती कुणाच्या तरी माथी मारायला हवी होती. नानांना बोलणं अवघड, ते तर खरं बोलून बसले होते आणि धुळ्याचे होते. राहिला आपल्याच पगारावरचा माणूस. त्याने माइक घेतला आणि सांगितलं की लबाडी करणाऱ्या खेळाडूंना ह्या क्लबात जागा नाही आणि असे प्रकार होणार असतील तर ही स्पर्धा आजपासून बंद. लबाडी. हाच शब्द. भर चैत्रात, सगळ्या गावासमोर, माइकवरून.

मी लिंबाखालून ओरडले होते, "कुणी केली लबाडी?" पण माझा आवाज व्हरांड्यापर्यंत पोचला नाही, किंवा पोचला आणि कुणी ऐकला नाही. हे मला हाताला धरून बाहेर घेऊन आले. "असू दे," म्हणाले. ह्या माणसाचं अर्धं आयुष्य "असू दे" म्हणण्यात गेलं आणि माझं त्यावर चिडण्यात.

नोकरी गेलीच. दुसऱ्या मैदानांवरही कुणी घेतलं नाही, कारण हा शब्द त्यांच्या आधी तिथे पोचायचा. हे ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात कामाला लागले. नळ्या मोजून द्यायच्या, शेतकऱ्याला कुठलं भोक किती अंतरावर पाडायचं ते सांगायचं. दुकानात गिऱ्हाईक थट्टेने म्हणायचं, भाऊ, मापात लबाडी नको हां. थट्टाच ती, पण हे दोन वेळा मोजून द्यायचे. गोल्फच्या काठ्या माळ्यावर गेल्या. पुन्हा त्यांनी हातात घेतल्या नाहीत. गवत तर पुढच्याच उन्हाळ्यात जळलं. क्लबातले सभासद म्हातारे झाले, मैदानात बाभळी माजल्या, आणि स्पर्धा जी बंद झाली ती झाली. चाळीसगावचं मैदान गेलं, फैजपूरचं केळीत गेलं. नाना कधी धुळ्याहून आले तर घरी यायचे, चहा प्यायचे, आणि दोघंही त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. मी दोघांकडे बघत बसायचे आणि माझंच रक्त उकळायचं.

आता गेल्या महिन्याचं. त्या माळावर प्लॉटिंग झालंय. कमान उभारली आहे आणि कमानीवरच्या नावात गोल्फ हा शब्द आहे. गोल्फ कुठे नाही, फक्त नावात. विकणाऱ्यांच्या ऑफिसातून फोन आला की उद्घाटनाला जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचा आहे, काकांना घेऊन या. मी म्हटलं, जायचं नाही. हे म्हणाले, जाऊ. मी विचारलं, कशाला? हे म्हणाले, "लिंब आहे का ते बघू."

लिंब नव्हता. त्या जागी मांडव होता. खुर्च्यांना पांढरी कापडं, पुढच्या रांगेत नाना आधीच बसलेले, हातात काठी, म्हातारपणाची, गोल्फची नाही. आम्हाला त्यांच्या शेजारी बसवलं. मग पडद्यावर इतिहास सुरू झाला. जुने फोटो, मागे संगीत, आणि गोड आवाजाची एक मुलगी वाचत होती. इथे कशी भव्य स्पर्धा व्हायची, कसे दूरदूरचे संघ यायचे. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. मग ती म्हणाली, दुर्दैवाने एका खेळाडूच्या लबाडीमुळे ही गौरवशाली परंपरा खंडित झाली. आणि लगेच, पण आता नव्या स्वरूपात, आणि प्लॉटचे भाव, आणि टाळ्या.

त्या खेळाडूलाच सत्काराला बोलावलं होतं. बोलावणाऱ्यांना हे माहीतही नव्हतं. कुणीतरी जुन्या क्लबवाल्याकडून ऐकून लिहून घेतलं आणि त्याच दुपारी त्याच्यासाठी शाल-नारळ काढून ठेवला. मुद्दाम अपमान केला असता तर मी समजू शकले असते. हे त्याहून वाईट होतं. एवढ्या वर्षांनी तो शब्द इतका गुळगुळीत झाला होता की तो कुणाचा होता हेही कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "ते वाक्य परत वाचा." मुलगी गोंधळली. मी म्हटलं, "कोण लबाड? नाव घ्या त्याचं. इथेच बसलाय तो." पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. माइकवाला हसत हसत पुढे आला आणि म्हणाला, काकू, आपण कार्यक्रम पुढे नेऊ या, पाहुण्यांना वेळ नाही. म्हणजे पाहुण्यांना पुन्हा वेळ नव्हता. ह्यांनी माझा हात खाली ओढला. मला वाटलं आता असू दे म्हणतील. ते म्हणाले, "थांब जरा."

सत्कार झाला. ह्यांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मग मांडवाच्या कडेला प्लॉट विकणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताची एक पट्टी अंथरली होती, टोकाला होल. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने तिथे चेंडू मारायचा आणि फोटो काढायचा, अशी व्यवस्था होती. माइकवाला म्हणाला, आता आपले ज्येष्ठ खेळाडू पहिला चेंडू मारतील. कुणीतरी ह्यांच्या हातात काठी दिली. इतक्या वर्षांनी.

हे पट्टीपाशी गेले. चेंडू ठेवला. होलकडे बघितलं, मग मागे, जिथे नववा होल होता तिकडे बघितलं. नारळ त्यांनी खाली ठेवला. मग खांद्यावरची शाल काढली, दोन घड्या केल्या, गवतावर टाकली, आणि चेंडूपासून होलपर्यंत ओढत नेली. सावकाश, सगळ्यांच्या देखत, माझ्या पोत्यासारखी. सवयीने नाही. ह्यावेळी त्यांना नक्की माहीत होतं ते काय करतायत. मांडवात कुजबुज झाली. फोटोवाला म्हणाला, काका, शाल खराब होईल. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चेंडू मारला. प्लॅस्टिकवर तो भलताच पळाला, होलच्या कडेला लागून थोडा पुढे गेला आणि हातभर अंतरावर थांबला. लोक हळहळले.

पुढच्या रांगेतून नाना उठले. काठी टेकत पट्टीपर्यंत यायला त्यांना वेळ लागला. सगळे त्यांची वाट बघत थांबले, पाहुणेसुद्धा. त्यांनी खाली पडलेली शाल काठीने बाजूला केली, माइकवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "हाऊ लबाड नई शे. लिखी ठेवा." आणि मग ह्यांच्याकडे बघून, मिशीवरून हात फिरवत, अगदी पूर्वीसारखं म्हणाले, "दिना, जवाई. उचला आते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाही राग आला. ह्यांनी वाकून चेंडू उचलला आणि खिशात टाकला. फोटोवाला धावत आला. "काका, चेंडू आत गेलाच नाही. परत मारा, चांगला फोटो घेऊ."

"आता नको," हे म्हणाले. "सामना संपला."